शिक्का मारणाऱ्यानेच जबाब द्यावा

विजापूरकडून पंढरपूरला निघालेले उत्तर प्रदेशातले चार साधू १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंगा गावात होते. पुढचा रस्ता कुठला, असं त्यांनी एका मुलाला विचारलं. तेवढ्यावरून मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली, जमाव गोळा झाला आणि काठ्यांनी मारहाण सुरू झाली. पोलीस आले, चौकशी झाली, तेव्हा कळलं की साधू खरोखरच साधू होते. देवदर्शनाला निघाले होते आणि मुलाला त्यांनी फक्त वाट विचारली होती.

जत हा पंढरीच्या वाटेवरचा मुलूख. या भागात भगवी कफनी दारात आली तर तांब्याभर पाणी मिळतं, शिधा मिळतो, म्हातारीकोतारी माणसं वाकून पाया पडतात. त्या दिवशी गाव तेच होतं आणि गावातली माणसंही एरवी साधूच्या पाया पडणारीच होती. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्यातलं नाव या चौघांना चिकटलं आणि मग त्यांचा वेश, त्यांचं बोलणं, त्यांनी सांगितलेला पत्ता, यातलं काहीच कुणाला दिसेनासं झालं. त्याआधी चार वर्षं, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच संशयावरून पाच जणांना ठार मारण्यात आलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. त्यांतले बहुतेक जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले. शेजारच्या तालुक्यातल्या घरांवर हा घाव बसलेला असूनही लवंग्यात तेच घडायला फक्त एका प्रश्नाचं निमित्त पुरलं.

मला या घटनेत सगळ्यात जास्त खुपतं ते असं : चार साधूंना आपण टोळीवाले नाही हे सिद्ध करावं लागलं. ते टोळीवाले आहेत असं पहिल्यांदा ओरडणाऱ्याला त्या क्षणी कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कसं ठाऊक? आपल्या समाजात हा उलटा न्याय फार जुना आहे. शिक्का मारणारा मोकळा सुटतो आणि पुरावा देण्याचं ओझं मात्र ज्याच्यावर शिक्का बसला त्याच्या डोक्यावर येतं. हे उलटवायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी मी दूरची उदाहरणं घेणार नाही. कृष्णा आणि माणगंगेच्या या दोन जिल्ह्यांत, सातारा आणि सांगलीत, ती भरपूर आहेत.

मसूरच्या रेल्वे स्टेशनावर १९०१ साली घडलेली गोष्ट बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. अस्पृश्यतेचा दाखला म्हणून ती सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत त्यांच्याकडे जायला साताऱ्याहून लहानगा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायात नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. मसूरला उतरल्यावर न्यायला कुणीच आलं नव्हतं, कारण येत असल्याचं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. फलाटावर ताटकळलेल्या या पोरांची स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून ही ब्राह्मणांची मुलं असावीत असं त्याला वाटलं होतं. मग रीतीप्रमाणे त्याने विचारलं, तुम्ही कोण? मुलाने मागचापुढचा विचार न करता जात सांगून टाकली, आणि मास्तरचा चेहरा पालटला. तो काही न बोलता निघून गेला.

पुढचं सारं प्रसिद्ध आहे. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचं, असा तोडगा निघाला. सोबत शिदोरी होती, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. मला थांबावंसं वाटतं ते मात्र त्या स्टेशनमास्तरापाशी. तो दुष्ट माणूस नव्हता. अर्ध्या तासाने तो परत आला, गाडीवानांशी त्यानेच बोलणी केली, तुम्हाला गाडी हाकता येते का हा प्रश्नही त्यालाच सुचला. मनात दया होती, पण एक शब्द ऐकल्यावर त्या दयेला पाच-दहा हातांचं अंतर पडलं. प्रश्नाआधीची मुलं आणि उत्तरानंतरची मुलं यांत तिळमात्र फरक झालेला नव्हता. बदलला तो बघणारा, आणि आपण बदललो हे त्याला जाणवलंसुद्धा नसेल. वाईट माणसं वाईट वागतात, हे समजायला सोपं आहे. सज्जन माणूस एका शब्दापुढे कसा लाचार होतो, ते समजून घ्यायचं तर मसूरचं स्टेशन पाहावं लागतं.

तो प्रश्न अजून संपलेला नाही. यष्टीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, ‘पाव्हणं कुठलं?’ मग विचारतो, ‘आडनाव काय?’ आडनाव गावावरून पडलेलं असेल आणि त्यातून काही उलगडत नसेल तर तिसरा प्रश्न येतो, ‘गावात कुठल्या आळीला?’ या प्रश्नांत जिव्हाळा असतो हे मी नाकारत नाही. ओळखीचा धागा सापडला की माणूस डबा पुढे करतो, जागा देतो. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर काही वेळा बोलणं आटतं आणि समोरचा खिडकीबाहेर बघू लागतो, हेही आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्याप्रमाणे कमानी बदलल्या, पाट्या बदलल्या. चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. तिसरा प्रश्न मात्र अजून विचारला जातो.

समाजाने मारलेल्या शिक्क्याचं एक बरं असतं. तो निदान कागदावर नसतो, पिढी बदलली की थोडा पुसट होतो. सरकारने मारलेला शिक्का दप्तरात जातो. या बाबतीत आपल्या भागाचा इतिहास विदारक आहे. रामोशी समाजाकडे पूर्वी गावाची राखण असायची. रात्रीची गस्त घालायची, चोरी झाली तर माग काढून द्यायचा, किल्ल्याच्या पहाऱ्यावर उभं राहायचं. गाव ज्याच्या भरवशावर निवांत झोपायचं तो हा माणूस. इंग्रजी अमलात किल्ल्यांवरची कामं गेली, वतनं गेली, आणि त्या असंतोषातून उमाजी नाईकांचा उठाव झाला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी दिलं गेलं. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ मध्ये त्याचं जाळं देशभर पसरलं, आणि कालचा राखणदार आज जन्मजात चोर ठरला. सातारा जिल्ह्यात रामोशी आणि मांग कुटुंबांच्या मागे हजेरी लागली. रात्री चावडीवर जाऊन नाव पुकारलं की ओ द्यायची. परगावी जायचं तर पास काढायचा. बाळंतपण असो, लग्न असो, मयत असो, हजेरी चुकली की गुन्हा. ज्या समाजाला अशी हजेरी लागत होती त्याच समाजात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावला, १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांच्या लेखणीतून या माणसांचं शौर्य आणि भूक महाराष्ट्राला दिसली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण तोवर या माणसांकडे पाहायची सरकारी दप्तराखेरीज दुसरी खिडकीच नव्हती.

याच जिल्ह्यात आणखी एका गोष्टीकडे बघा. १९४३ पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार इथे चाललं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ती रक्कम काढून घेतली. इंग्रज सरकारच्या लेखी हा दरोडा होता आणि करणारे फरारी गुन्हेगार होते. लोकांच्या लेखी तो स्वातंत्र्याचा लढा होता. प्रतिसरकारलाही ‘पत्री सरकार’ हे नाव भीतीपोटी आणि बदनामीपोटी पडलं, आणि लोकांनी तेच छातीवर मिरवलं. १९४६ मध्ये नाना पाटील भूमिगत जीवनातून बाहेर आले तेव्हा गावोगाव त्यांचं स्वागत झालं आणि १९५७ मध्ये सातारकरांनी त्यांना लोकसभेवर पाठवलं. सरकारने मारलेला गुन्हेगाराचा शिक्का लोकांनी पुसून टाकला, आणि तो पुसला गेला याचा मला अभिमान आहे. पण त्याच तालुक्यांतल्या, त्याच इंग्रजांनी गुन्हेगार म्हटलेल्या रामोशी, मांग, कैकाडी, पारधी यांच्या बाबतीत लोकांनी सरकारचा शब्द खरा मानला. एका यादीला आपण परक्याची म्हणून आग लावली आणि दुसरी यादी घरची म्हणून जपून ठेवली. हा दुजाभाव का, याचं उत्तर आपण कधी दिलेलं नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. जे सुटले त्यांना विमुक्त म्हणू लागले, आणि तो दिवस ते आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. लगोलग सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे आले. मुंबई राज्याने १९५९ मध्ये आपला केला. कागदावर हा कायदा समाजाबद्दल नव्हता, एकेका माणसाबद्दल होता. ठाण्यातली नजर मात्र जुनीच राहिली. माण-खटावच्या माळावर किंवा जत-आटपाडीच्या शिवारात घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या पालाकडे वळते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आत घेतलेल्यांपैकी निम्मे दोन दिवसांनी सुटून येतात. त्या दोन दिवसांचा जबाब त्यांना कुणी देत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या नजरेवर बोट ठेवलं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनंतर! त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात न्यायालयाने ‘हिस्ट्रीशीट’ या पोलिसी नोंदीबद्दल सांगितलं होतं की मागास समाजातला आहे एवढ्यावरून यांत्रिकपणे कुणाचं नाव त्यात चढता कामा नये, आणि या नोंदी वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासायला हव्यात. हे दोन्ही निकाल आपल्याकडच्या किती पोलीस पाटलांपर्यंत पोचले असतील?

पोलिसांच्या बरोबरीने माझी तक्रार वर्तमानपत्रांशी आहे. ‘अमुक टोळी जेरबंद’ या मथळ्यात अमुकच्या जागी एखाद्या जमातीचं नाव असतं. बाकी समाजातल्या चोरांच्या बातमीत त्यांची जात कधी छापून येत नाही. मोठ्या पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे बुडाले तर संचालकांच्या जातीची टोळी जेरबंद झाली असं कुणी लिहीत नाही, आणि लिहूही नये. मग पालातल्या माणसाच्या वेळीच ते का लागतं? शिवाय अटकेची बातमी फोटोसकट येते; वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस निर्दोष सुटला तर दोन ओळीही येत नाहीत. त्याच्या गावात, त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी, तो जुना फोटोच पुरावा म्हणून दाखवला जातो. आता तर गावाच्या ग्रुपवर ‘यांच्यापासून सावध राहा’ म्हणून फोटो फिरतात. तो कुणी काढला, कुठे काढला, खरा की खोटा, याची चौकशी न करता शे-दोनशे माणसं तो पुढे ढकलतात. लवंग्याची वाट तिथूनच जाते.

थंडीच्या सुरुवातीला कृष्णाकाठी गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा हा खेळ वेगळ्या रूपात दिसतो. बीडकडून, जतकडून, माणकडून ऊसतोड मजूर येतात, गावाबाहेर खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; मुकादमाच्या हिशेबात, कारखान्याच्या हिशेबात ती दोन माणसं म्हणजे एक कोयता. उचल कोयत्याला मिळते. चार महिने ही माणसं आपला ऊस तोडतात, पहाटे तीनला मोळ्या बांधतात, आपल्या ट्रॉल्या भरतात. पण शिवारातली मोटर गेली, कोंबडी गेली, शेंगा गेल्या की पहिला शब्द येतो, ‘टोळीवाल्यांनी नेलं.’ खोपीतल्या पोराला आजूबाजूच्या वस्तीवरची पोरं खेळायला घेत नाहीत, कारण ते टोळीवाल्याचं. गंमत नव्हे, दुःख असं की जतचा शेतकरी आपल्या गावात बागायतदाराचं स्वप्न बघणारा, भावकीत मान असलेला, ग्रामपंचायतीत उभा राहिलेला माणूस असतो. दुष्काळात बैलजोडी घेऊन वाळव्यात उतरला की त्याच दिवशी त्याचं हे सगळं पुसलं जातं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात त्याने नाव गमावलेलं असतं.

आणि आपल्याच पोटच्या माणसांवर शिक्का मारताना आपण कसे वागतो, तेही २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसलं. पाटण, जावळी, माण, खटाव, शिराळा या तालुक्यांत एकही गाव नसेल जिथला माणूस मुंबईत नाही. कुणी माथाडी, कुणी गिरणीच्या काळापासून गेलेल्याचा नातू. गावच्या यात्रेची वर्गणी, मंदिराचा कळस, शाळेची खोली यात मुंबईच्या पैशाचा वाटा असतो. देणगीदारांच्या फरशीवर ‘मुंबईकर मंडळ’ कोरलेलं असतं. टाळेबंदीत तीच माणसं गावाकडे निघाली तेव्हा वाटेवर काट्याकुट्या पडल्या होत्या. रोगाची भीती खरी होती. आलेल्याला शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवण्यात काहीच गैर नव्हतं, ती काळजी होती. पण पंधराव्या दिवशी, तपासणी झाल्यावर, अंगात ताप नसताना, त्याला हापशावर पाणी भरू दिलं नाही, त्याच्या म्हाताऱ्या आईकडचं दूध बंद केलं, तेव्हा आपण रोगाशी लढत नव्हतो. विलगीकरणाला चौदा दिवसांची मुदत होती. ‘मुंबईवाला’ या शिक्क्याला मुदत नव्हती, आणि तो कधी उठला हेही कुणी जाहीर केलं नाही.

शिक्का बघणाऱ्याला आंधळा करतो, हे एवढ्यावरून पटावं. ज्याच्यावर बसतो त्याला तो आतून काय करतो, हे मोजून दाखवणारा एक प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात केला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ज्या गटांत कुणाची जात उच्चारली नव्हती तिथे वरच्या आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव जातीसकट पुकारलं आणि मग कोडी दिली. तिथे खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी त्याच प्रकारची. एका पुकाराने त्यांच्या हातातलं बळ गेलं. रात्रीच्या हजेरीत चाळीस वर्षं नाव पुकारलं गेलेल्या बापाच्या घरात काय झालं असेल, याचा यावरून अंदाज करावा.

आपल्या शाळांत अजूनही काही ठिकाणी मार्कांवरून तुकड्या पडतात. ‘अ’ तुकडीला अनुभवी शिक्षक, ‘ड’ तुकडीला नवखे. ‘ड’ मधला मुलगा पहिल्या आठवड्यातच स्वतःला ‘ढ’ म्हणायला शिकतो. ज्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढून सगळ्या जातींच्या पोरांना एका चुलीवर स्वयंपाक करायला आणि एका पंगतीत जेवायला बसवलं, तिथे शंभर वर्षांनी मुलांची अशी वर्गवारी व्हावी, याचा मला राग येतो. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली तेव्हा शेतकऱ्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला शिकून काय करायचंय असंच बहुतेकांचं मत होतं. त्यांनी मुलाकडून आधी हुशारीचा दाखला मागितला नाही. आधी शाळेत घेतलं.

गौरवाच्या शिक्क्याबद्दल थोडंसंच लिहितो. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं, आणि गावाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण लढवय्या जमाती आणि बिनलढवय्या जमाती अशी विभागणीही त्याच इंग्रजी दप्तराने केली होती. पिढ्यानपिढ्या पलटणीत लढलेल्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली ती याच विभागणीपायी, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. एकाच्या छातीवर बिल्ला लावला की दुसऱ्याच्या छातीवरचा निघतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

यावर एक वाजवी आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. नावंच काढून टाकली तर न्याय कुणाला द्यायचा? जातीचा दाखला हाही शिक्काच आहे. विमुक्त जातींना राज्यात ३ टक्के आरक्षण आहे ते त्या नावामुळेच. डॉक्टरने रोगाला नाव दिलं नाही तर औषध कसलं देणार? हे सगळं मान्य. म्हणून मी नावांच्या विरोधात नाही. नाव कुणी दिलं, ज्याला दिलं त्याला विचारलं का, चुकलं तर दाद कुठे मागायची आणि ते पुसायची सोय आहे का, हे चार प्रश्न मी प्रत्येक शिक्क्याला विचारीन. दाखला माणूस स्वतः अर्ज करून मागतो, त्यात चूक असेल तर समितीपुढे जाऊ शकतो. पोलिसांच्या यादीत आपलं नाव आहे हे त्याला कळतही नाही. आणि इथला विरोधाभास जिवाला लागणारा आहे. चोर म्हणून नोंद होताना रामोशी, कैकाडी, वडार समाजाला कुणी एकही कागद मागितला नव्हता. आज त्यांच्याच नातवाला विमुक्त जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा आणावा लागतो. ज्या आजोबाला पालातून पालात हाकललं, त्याचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? संशयाचा शिक्का फुकट मिळाला. हक्काच्या शिक्क्यासाठी तीन पिढ्यांची कागदपत्रं लागतात.

रोगाच्या बाबतीत मिरजेचं उदाहरण जवळचं आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कुष्ठरोग्यांसाठी तिथे वेगळं रुग्णालय उभं राहिलं. बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो, हे १९८० च्या दशकापासून सगळ्यांना माहीत आहे. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. डॉक्टरने दिलेलं नाव औषधासाठी होतं आणि औषध संपल्यावर ते संपायला हवं होतं. संसदेला ते पुसायला तीन-साडेतीन दशकं जास्त लागली. पुसण्याची व्यवस्था आधीच करून ठेवली नाही की असं होतं.

म्हणून मागणी अगदी साधी आणि इथल्या इथे करता येण्याजोगी आहे. सातारा आणि सांगलीच्या पोलीस दलाने वृत्तपत्रांना पाठवायच्या टिपणांत आरोपीची जात, जमात, तांडा, पाल यांचा उल्लेख बंद करावा. वृत्तपत्रांनी, पाठवला तरी छापू नये, आणि ज्याच्या अटकेचा फोटो छापला तो निर्दोष सुटला तर त्याच पानावर तेवढ्याच जागेत ते छापावं. लोकांना जमवून मारहाण करायला लावणारा संदेश पहिल्यांदा ज्याने टाकला आणि ज्या ग्रुपचालकाने तो राहू दिला, त्यांची चौकशी मारणाऱ्यांच्या बरोबरीने व्हावी. शाळांनी मार्कांवरच्या तुकड्या मोडाव्यात. त्याला मुख्याध्यापकाची इच्छा पुरते. आणि जत, माण, खटाव, आटपाडी, फलटण इथल्या ठाण्यांतल्या संशयितांच्या याद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने हातात घेऊन प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : हे नाव इथे कशामुळे आहे? ज्या नावापुढे सिद्ध झालेला गुन्हा लिहिता येणार नाही ते खोडावं, आणि खोडल्याचं त्या माणसाला लेखी कळवावं. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल २०२४ पासून हाताशी आहेत.